झिंगाटची वरात

सोलापुरात मे महिन्यात दिवस मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. अशाच एका संध्याकाळी वरात चौकात अडकली होती. नवरदेव फुलांनी मढवलेल्या गाडीत घामाघूम, मागे करवल्या आणि बायकामंडळी, पुढे जनरेटर बांधलेली ट्रॉली आणि तिच्यावर बेंजो पार्टी. बेंजोवाल्यानं एक पाय ट्रॉलीच्या कठड्याला टेकवला होता. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरच्या कळांसारख्या दिसणाऱ्या बटणांवर, उजव्या हातात नखी. त्यानं चार-सहा सूर छेडले. पॅडवाल्यानं अजून ताल धरलाही नव्हता, तोच रसवंतीच्या बाकावरची पोरं ग्लास खाली ठेवून उठली. नवरदेवाची आत्या असावी, ती पदर खोचून पुढे आली. झिंगाट लागलं होतं.

गाणं तोंडानं कोणीच म्हणत नव्हतं. बेंजोला शब्द नसतात, ते ज्याचे त्यानं मनात भरायचे. त्या चौकाच्या एका अंगाला घराघरांत तेलुगू बोलतात, दुसऱ्या अंगाला कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी उर्दू. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली तेव्हापासून कापडाच्या मागानं बाहेरून आलेल्या माणसांची या भाषांत भर पडत गेली. नाचणाऱ्यांत सगळ्या गल्ल्यांचे लोक होते, आणि ओठ एकाच लयीत हलत होते.

दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी बेंजोवाल्यानं एक वळण घेतलं. मूळ गाण्यात ते नाही. थोड्याच सुरांची लचक, आणि लगेच पुन्हा मुखडा. मला ते वळण ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते काही आठवेना. घरी आल्यावरही ते डोक्यातून गेलं नाही. या गाण्याच्या मागे मागे जायचं मी त्या रात्री ठरवलं.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, आणि पडद्यावरचं सगळं रान, भीमेचं पाणी, विहिरी, उसाचे फड हे आपल्याच जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातले. संगीत अजय-अतुल यांचं. चित्रपटात गाणी चारच, आणि झिंगाट त्या दोघा भावांनी स्वतःच गायलं. गाणं लागलं की प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर जाऊन नाचायचे, गाणं पुन्हा लावा म्हणून ओरडायचे. काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींच्या वर गेलेला तो पहिला मराठी चित्रपट ठरला.

तेव्हापासून या गाण्याच्या आवृत्त्यांची मोजदाद सुरू आहे. हिंदीतलं झिंगाट, कन्नडमधलं, डीजेंची रिमिक्सं, शाळांच्या स्नेहसंमेलनातली. त्या यादीत एक मोठी जागा मला सतत रिकामी दिसते. या गाण्याच्या सर्वांत जास्त आवृत्त्या ज्यांनी केल्या, रोज रात्री नव्यानं केल्या, त्या बेंजोवाल्यांचं, हलगीवाल्यांचं, बँडवाल्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आणि झिंगाट मुळात त्यांच्याकडूनच आलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा मागोवा मी त्यांच्या बाजूनं घेतो आहे.

आधी शब्द. 'झिंग' जुनी आहे, झिंगणं आपण रोज म्हणतो. तिला 'आट' जोडला की ती आवरेनाशी होते. मराठीत ही जोडणी फार आवडती: सुसाट, भन्नाट, पिसाट, मोकाट. चित्रपटाचं नावही त्याच घरातलं. 'स्वैर'चं बोलीत 'सैर' झालं आणि त्याचं सैराट. म्हणजे चित्रपट आणि त्यातलं हे गाणं एकाच प्रत्ययाची भावंडं आहेत. करमाळ्याकडे वेडाला 'याड' म्हणतात, आणि तेही आणखी एका गाण्याच्या नावात आलं. पुण्या-मुंबईच्या मराठीनं आजवर ज्या बोलीला पडद्यावर नोकराचं किंवा विनोदी पात्राचं काम दिलं, त्या बोलीत इथे प्रेम झालं. हे आमच्या भागातल्या माणसांना किती भिडलं असेल, ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही.

चित्रपटात झिंगाट कुठे येतं तेही विसरता कामा नये. पाटलांच्या घरी आर्चीच्या धाकट्या भावाचा वाढदिवस असतो. अख्खं बिटरगाव नाचतं. मासे धरणाऱ्याचा पोरगा परश्या आणि पाटलाची आर्ची एकाच अंगणात, एकाच तालावर नाचतात. त्याच रात्री दोघं घरच्यांच्या हाती सापडतात आणि मारहाण सुरू होते. तालानं दिलेली मोकळीक ताल थांबताच संपते. ज्यांनी गावातल्या मिरवणुका पाहिल्या आहेत त्यांना हा क्रम नवा नाही. वाजत असतं तोवर कोण कुणाच्या शेजारी नाचतो याकडे गाव काणाडोळा करतं.

रस्त्यावरचा ताल पडद्यावर आणण्याचं काम अजय-अतुल पहिल्यांदाच करत नव्हते. दहा वर्षं आधी, २००६ साली, केदार शिंदे यांच्या 'जत्रा'साठी त्यांनी 'कोंबडी पळाली' केलं होतं. गायला आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. आनंद शिंदे यांचा आवाज म्हणजे १९८०च्या दशकातल्या कॅसेटचा आवाज. 'नवीन पोपट हा' टपरीटपरीवर वाजायचं, तेव्हा सोलापूरच्या बसस्थानकाबाहेर ते ऐकल्याशिवाय माणूस गाडीत चढत नसे. तोच खडा आवाज 'जत्रा'त आला आणि पुढे याच चालीनं मुंबईतच एक घर बदललं. २०१२च्या 'अग्निपथ'मध्ये ती 'चिकनी चमेली' झाली. श्रेया घोषाल गायल्या, कतरिना कैफ नाचल्या. चाल तीच, संगीतकार तेच, पण देशभर ती हिंदी गाणं म्हणूनच ओळखली गेली. आनंद शिंदे यांचा घसा त्या प्रवासात मागे राहिला. मला त्याचं वाईट वाटतं. श्रेया घोषाल यांनी गाणं उत्तमच म्हटलं आहे, त्यात प्रश्न नाही. पण जत्रेतल्या माणसाचा आवाज काढून घेतला की चालीतली धूळ जाते.

पुढे झिंगाटही हिंदीत गेलं, पण सोलापूरच्या नाचगाण्यानं हिंदीत जाण्याची ती पहिली खेप नव्हती. पेशवाईतला लावणीकार राम जोशी सोलापूरचा. ब्राह्मणाच्या घरात जन्मला, संस्कृत शिकला, तमाशाच्या फडात गेला, आणि पुढे कीर्तनकार होऊन मोरोपंतांच्या आर्या त्यानं गावोगाव पोचवल्या. १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलनं त्याच्यावर 'लोकशाहीर राम जोशी' काढला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचं, संगीत वसंत देसाई यांचं, राम जोशी झाले जयराम शिलेदार आणि सोबत हंसा वाडकर. तोच चित्रपट हिंदीत 'मतवाला शायर राम जोशी' म्हणून निघाला. म्हणजे करमाळ्यातून हिंदीत गेलेल्या झिंगाटच्या आधी सत्तर वर्षं, सोलापूरची लावणी मुंबईमार्गे हिंदीत जाऊन आली होती.

आणि लावणी या जिल्ह्यात कधी थांबलीच नाही. विठाबाई नारायणगावकर पंढरपुरात जन्मल्या. मोडनिंबला आजही कलाकेंद्रं आहेत. अकलूजच्या लावणी स्पर्धेला राज्यभरातून फड येत. ज्या अकलूजमधून पडद्यावरची आर्ची आली त्या गावात ढोलकीची थाप कानावर पडल्याशिवाय कोणी मोठं होत नाही.

पण झिंगाट लावणी नाही. ते मिरवणुकीचं गाणं आहे, आणि मिरवणुकीचं गाणं वाद्यांवरून ओळखायचं असतं. म्हणून आता वाद्यांकडे.

बेंजो. या नावानं फसायला होतं. अमेरिकेतला बँजो वेगळा, त्याला डफासारखं कातडं असतं. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ गाव जपानमधलं नागोया. तिथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक घरगुती वाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानात तैशो सम्राटाचा काळ सुरू झाला, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. स्वस्त, हलकं, शिकायला सोपं. जहाजातून ते दक्षिण आशियात उतरलं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात आणि तिथले वादक त्यावर आपलं लोकसंगीत वाजवतात. आपल्याकडे कोणी बुलबुल म्हटलं, कोणी जपानी बेंजो म्हटलं, पुढे नुसतंच बेंजो. दिवाणखान्यात हळू आवाजात वाजवायला केलेलं हे वाद्य मुंबई-कोकणात आणि मग देशावर रस्त्यावर कसं आलं, याचं उत्तर त्याला चिकटवलेल्या पिकअपमध्ये आणि अँप्लिफायरमध्ये आहे. एकदा आवाज कर्ण्यातून बाहेर पडू लागला तेव्हा एक माणूस अख्ख्या बँडच्या सनईवाल्यांचं, क्लॅरिनेटवाल्यांचं काम करू लागला. २०१६ मध्येच, 'सैराट'नंतर काही महिन्यांनी, रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट याच वादकांवर काढला.

बेंजोत एक उणीव आहे आणि तीच त्याची ओळख झाली आहे. तार छेडली की सूर लगेच विरतो. गायकासारखी लांब तान त्यात टिकत नाही. म्हणून बेंजोवाला नखी भराभर मागेपुढे चालवतो आणि एकच सूर थरथरत धरून ठेवतो. अजय गोगावले जिथे छाती फोडून सूर लांबवतात, तिथे बेंजोवर शंभर बारीक टोले ऐकू येतात. गाणं तेच असतं, पण त्याला कापरं भरलेलं असतं. मी तर म्हणेन की झिंगाटला हे कापरं शोभतं. पहिल्यांदा प्रेमात पडलेल्या पोराची छाती अशीच वाजते.

बेंजोच्या आधी बँड. ब्रिटिशांच्या छावण्यांतून पितळी वाद्यं गावात आली, लाल-निळे डगले आले, आणि लग्नाच्या वरातीत सनई-चौघड्याच्या शेजारी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट उभी राहिली. वरातीत काय वाजवायचं याची यादी सिनेमानं पुरवली. या यादीतलं सर्वांत चिवट गाणं १९५४च्या 'नागिन'मधलं. संगीत हेमंत कुमार यांचं. त्यातली जी बीन अवघ्या देशाला खरी वाटली ती बीन नव्हतीच. कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर तो नाद काढला आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ दिली. गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या वाद्यानं केली. त्याची नक्कल बँडवाल्यानं क्लॅरिनेटवर केली. बँडवाल्याची नक्कल बेंजोवाल्यानं केली. आणि रस्त्यावर रुमाल दातात धरून जमिनीवर लोळणाऱ्या मामानं त्या सगळ्यांवर आपली मोहोर उठवली. सत्तर वर्षं झाली, पण ज्या वरातीत ती धून वाजली नाही अशी वरात मी पाहिलेली नाही.

या सगळ्यांच्या खाली हलगी आहे. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण मला झिंगाटचं मूळ तिथे दिसतं.

हलगी म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. गळ्यात किंवा खांद्याला अडकवायची. एका हातात जाडसर दांडकं, दुसऱ्यात बारीक लवचीक काडी. दांडकं बोलतं आणि काडी त्याला हुंकार देते. वाजवण्याआधी चार कागद किंवा मूठभर पाचट पेटवून त्या जाळावर कातडं शेकायचं, बोटानं टिचकी मारून पाहायचं, पुन्हा शेकायचं. पावसाळी हवेत दर अर्ध्या तासानं हे करावं लागतं. कातडं तापलं की आवाज असा कडक होतो की छातीच्या पिंजऱ्यात उमटतो.

ही हलगी पिढ्यान्‌पिढ्या कोणी वाजवली? मांगांनी, महारांनी, होलारांनी. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, दवंडी असो, वाजवणं हे त्यांच्यावर लादलेलं काम होतं आणि मोबदला म्हणजे धान्याचे चार पसे आणि शिळं अन्न. देवळापर्यंत वाजवत जायचं आणि पायरीशी थांबायचं. नवरदेवाला घोड्यावर बसवून त्याच्यापुढे वाजवायचं, आणि आपल्या पोराच्या लग्नात घोडं आणायची सोय नाही. आंबेडकरी चळवळीनं गावकीची असली कामं सोडा अशी हाक दिली तेव्हा अनेकांनी हलगी खुंटीला टांगली, काहींनी कायमची. ते योग्यच होतं. मग तीच हलगी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उतरली, तेव्हा ती कोणाच्या हुकमानं वाजत नव्हती. सोलापुरात आंबेडकर जयंतीची मिरवणूक ज्यानं रात्रभर पाहिली आहे त्याला त्या आवाजातला फरक कळतो.

मंजुळे यांच्या चित्रपटांत हा ताल सुरुवातीपासून आहे. २०१४च्या 'फँड्री'तल्या जत्रेत हलगी आहे, आणि त्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी एक गाणंही केलं होतं. तिथूनच मंजुळे यांची आणि त्यांची जोडी जमली. 'सैराट'मधल्या वाद्यवृंदाचा भाग लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, जिथे हॉलीवूडच्या चित्रपटांचं संगीत ध्वनिमुद्रित होतं तिथे मुद्रित झाला. याचं कौतुक तेव्हा खूप झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण व्हायोलिनं परदेशी असली तरी लोकांना खुर्चीतून उठवलं ते त्या तालानं, जो करमाळ्याच्या जत्रेत आधीपासून होता.

आता पुढच्या आवृत्त्या. कन्नडमध्ये २०१७ साली 'मनसु मल्लिगे' आला. नायिका रिंकू राजगुरूच, चाली अजय-अतुल यांच्याच. आमच्यासाठी हा प्रवास तसा जवळचाच होता. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कितीतरी घरांत आई कन्नडमध्ये ओवी म्हणते आणि मुलगा मराठी शाळेत जातो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हा त्यांच्यापुढे कोणत्या भाषेत वाजतं आहे असं कोणी विचारत नाही. त्यामुळे कन्नड झिंगाट इथे कुणाला परकं वाटायचं कारणच नव्हतं. सीमेवरची माणसं गाण्याचं भाषांतर रोजच करत असतात, तोंडातल्या तोंडात.

हिंदीतला 'धडक' २० जुलै २०१८ रोजी आला. गोष्ट उदयपूरला गेली, नायिका जान्हवी कपूर, नायक ईशान खट्टर, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, नृत्य फराह खान यांनी बसवलेलं. चाल तशीच ठेवली, आणि 'झिंगाट' हा शब्दही तसाच ठेवला. हे मला महत्त्वाचं वाटतं. हिंदीत झिंगाटला शब्द नाही, म्हणून मराठी शब्दच गेला आणि दिल्ली-लखनौच्या लग्नांत पोचला. इतकं सोडलं तर ती आवृत्ती माझ्या काळजाला भिडली नाही. कारण सांगतो. बिटरगावच्या अंगणात प्रत्येक जण वेगळा नाचतो. कोणाचा हात वर, कोणी कमरेवर हात ठेवून, एखादा म्हातारा नुसता मान हलवतो. उदयपूरला सगळे एकसारखे नाचतात. बसवलेला नाच देखणा असतो, पण नाचता नाचता कोण कोणाकडे पाहतं आहे आणि ते कोणी पाहिलं तर काय होईल, ही भीती त्यातून निघून जाते. चित्रपटानंही जातीचा प्रश्न बराचसा बाजूला ठेवला. मग गाण्याला फक्त आनंदच उरतो. मूळ झिंगाटमध्ये आनंदाच्या पाठीशी धोका उभा असतो.

कायद्यानं या आवृत्त्यांबद्दल काय म्हटलं आहे ते पाहिलं तेव्हा मला एक सुखद धक्का बसला. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार एखादं गाणं परवान्यानं नव्यानं ध्वनिमुद्रित करायचं तर मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं स्वामित्वधन द्यावं लागतं. म्हणजे या कलमाखाली झिंगाट गाऊन मुद्रित करायचं असतं तर २०२२ उजाडावं लागलं असतं. पण त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात, कशानं हक्कभंग होत नाही त्याची यादी आहे. धार्मिक समारंभात गाणं सादर करणं तिच्यात येतं, आणि स्पष्टीकरणात नाव घेऊन सांगितलं आहे की यात लग्नाची वरातही धरावी. संसदेनं केलेल्या कायद्यात वरात! ट्रॉलीवरचा बेंजोवाला चित्रपट आल्याच्या दुसऱ्या दिवशी झिंगाट वाजवू लागला तेव्हा तो कोणाचं काही चोरत नव्हता. कायद्यानं त्याला हे आधीच देऊन ठेवलं होतं.

रस्त्यावरच्या आवृत्त्यांत डीजेची आवृत्ती मला सर्वांत गरीब वाटते, आवाज सर्वांत मोठा असूनही. डीजे मुखडा पकडतो, ठोका वाढवतो, पुन्हा मुखडा, पुन्हा ठोका. अंतरा त्याच्या कामाचा नसतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे, ती तर पहिल्याच ठोक्याला मोडते. काचा हलतात, म्हाताऱ्यांच्या छातीत कळ येते, गाईगुरं बिथरतात. याबद्दल मला कसलाही आडपडदा न ठेवता लिहायचं आहे: हे थांबलं पाहिजे. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर माणूस नाचत नाही, हादरतो. बेंजोवाल्याला अंतरा वाजवावाच लागतो, कारण मुखड्यावर परत यायला त्याला वाट लागते. आणि त्या वाटेवरच तो स्वतःचं काहीतरी टाकू शकतो.

लेझीमची आवृत्ती मात्र ऐकावी अशी आहे. सोलापूरचा गणपती म्हणजे लेझीम. इथे आजोबा गणपतीची परंपरा १८८५ची सांगतात, लोकमान्यांनी पुण्यात उत्सव सुरू करण्याच्याही आधीची, आणि सोलापूरकर ते अभिमानानं सांगतात. उत्सवाच्या कितीतरी दिवस आधी मैदानांवर रात्री लेझीमचे डाव बसवायला सुरुवात होते. आता मुलींची पथकंही असतात. एका वर्षी मी अशा सरावाला बराच वेळ उभा होतो. हलगीवाल्यानं झिंगाटचा ठेका धरला आणि पोरांनी लेझीम उचलली, पण चार पावलांत सगळं विस्कटलं. लेझीमच्या दांड्याला साखळी असते आणि साखळीत पितळी चकत्या. दांडा उघडला की त्या खळकन वाजतात आणि मिटला की गप्प होतात. उघडायला आणि मिटायला हाताला वेळ लागतो. झिंगाट तेवढा वेळ देत नाही. हलगीवाला थांबला. त्यानं कातडं शेकलं, जरा विचार केला आणि तोच ठेका निम्म्या गतीनं धरला. मधल्या रिकाम्या जागांत काडीचे बारीक ठोके भरले, म्हणजे हलगीत धाव राहिली आणि लेझीमला सवड मिळाली. पोरं वाकली, पुन्हा उभी राहिली, एकदम शंभर चकत्या वाजल्या. झिंगाटचं ते रूप मी कुठल्याही स्पीकरवर ऐकलेलं नाही. धावतं गाणं चालू लागलं होतं, आणि चालताना ते मोठं झालं होतं.

या आवृत्तीला संगीत-संयोजक म्हणून कोणाचं नाव लावायचं? तो हलगीवाला सराव संपल्यावर सायकलवर हलगी अडकवून निघून गेला.

मे महिन्यातल्या त्या वरातीकडे परत येतो. मांडव आला, आरतीचं ताट बाहेर आलं, बेंजो थांबला. पार्टीतली दोन पोरं वायरी गुंडाळू लागली. बेंजोवाला ट्रॉलीच्या कडेवर बसून फडक्यानं तारा पुसत होता. जवळ जाऊन मी म्हटलं, "दादा, दुसऱ्या अंतऱ्याला तुम्ही काहीतरी वेगळं घेता."

त्यानं वर पाहिलं. "कळलं व्हय तुमाला?" म्हणाला. कोणाच्या लक्षात येत नाही असंच तो धरून चालला होता. मग त्यानं सांगितलं. त्याचे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. 'नागिन'ची बीन ही त्यांची ओळख. तिच्यासाठी लोक त्यांचाच बँड सांगायचे, सुपारी दोन महिने आधी ठरायची. पुढे बँड मोडला, क्लॅरिनेट विकलं, बापानं बेंजो घेतला. आजोबा असेपर्यंत घरात रोज संध्याकाळी नातवाकडून ती बीन बेंजोवर घोटून घेत. आता लोक 'नागिन' मागतात ते शेवटी शेवटी, गंमत म्हणून. झिंगाट मात्र प्रत्येक वरातीत दोनदा-तीनदा होतंच.

"मग त्यातच घालतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं बी वाजतं."

त्यानं अँप्लिफायर बंद असताना, नुसत्या तारांवर, ते वळण पुन्हा काढून दाखवलं. वीज नसलेला बेंजो अगदी हळू वाजतो, कान जवळ न्यावा लागतो. अंतऱ्याचा शेवटचा सूर, तिथून खाली घसरत आलेली बीन, आणि ती संपायच्या आत झिंगाटचा मुखडा. मांडवातून कोणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं. त्यानं आणखी एकदा वाजवलं.